अण्णांचा हर्निया: चिरा देऊन जाळी की दुर्बिणीतून?

प्रश्न: आम्ही वडिलांना अण्णा म्हणतो. वय ५४. लातूरच्या मोंढ्यात हमाली करतात. वर्षभरापासून उजव्या जांघेत गाठ येते. उभं राहिलं, खोकलं की फुगते, आडवं झालं की आत जाते. दुपारनंतर ठणका लागतो, म्हणून लंगोट कसून कामावर जातात. एका सर्जननी चिरा देऊन जाळी बसवू म्हणून सांगितलं, खर्च ३५ हजार. दुसरे म्हणाले दुर्बिणीतूनच करा, ७० हजार. सोनोग्राफीत डाव्या बाजूलाही लहान हर्निया आहे असं आलंय. पुण्याचे मामा म्हणतात जाळी घालूच नका, तिच्याशिवाय ऑपरेशन होतं. मायला भीती आहे की जाळी आत सरकती, सडती. आणि अण्णा म्हणतात, दिवाळी होऊ द्या, सोयाबीनची आवक संपू द्या. अडतीवरून उचल घेऊन ७० हजार उभे करावेत का?
एक वाचक, औसा तालुका

उत्तर:

आधी उत्तर सांगतो, कारणं मग. दुर्बिणीसाठी उचल घेऊ नका. अण्णांचं ऑपरेशन जाळी बसवूनच करा आणि दिवाळीची वाट न पाहता आत्ताच करा. चिरा देऊन की दुर्बिणीतून, हे दोन गोष्टींवर ठरेल: डाव्या बाजूला खरोखर हर्निया आहे का, आणि तुमच्या आवाक्यातल्या सर्जनचा हात कशावर बसलेला आहे. दोन्ही सर्जननी तुम्हाला चुकीचं काही सांगितलेलं नाही. ज्याला जे चांगलं येतं ते त्यानं सुचवलं.

आता मुळातून पाहू. जांघेच्या वर पोटाच्या भिंतीत एक नैसर्गिक वाट असते. पुरुषांत अंडाकडे जाणारी दोरी, म्हणजे रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका, तिथून खाली उतरते. ही जागा जन्मापासूनच नाजूक. वय वाढतं, स्नायूंमागचा पापुद्रा विरतो, आणि पोटातलं आतडं किंवा चरबी तिथून बाहेर डोकावते. पुरुषांमध्ये चौघांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. ओझं उचलल्यामुळेच झाला, असं सरसकट म्हणता येत नाही. खुर्चीत बसून काम करणाऱ्यांनाही होतो. म्हणून अण्णांनी आपल्या कामाला दोष देत बसू नये.

इटलीतल्या पादुआच्या बसिनी नावाच्या सर्जननं १८८७ च्या सुमारास ही वाट टाक्यांनी शिवून बंद करण्याची पद्धत जगापुढे मांडली आणि शंभर वर्षं तीच चालली. अडचण एकच होती. दोन्हीकडचे स्नायू ओढून एकत्र शिवायचे, म्हणजे टाक्यांवर सतत ताण. ताण आला की दुखतं, आणि कधीतरी टाका मांस कापून निघतो. सर्वसाधारण सर्जनच्या हातून शंभरात दहा किंवा त्याहून जास्त हर्निया परत यायचे. लॉस एंजेलिसच्या लिख्टेनस्टाईन यांनी १९८४ पासून काही ओढायचंच नाही असं ठरवलं. भोकावर जाळी पसरायची आणि शरीराला तिच्यात नवं मांस विणू द्यायचं. आज चांगल्या हातून जाळी बसवली तर परत येण्याचं प्रमाण शंभरात एक ते पाचच्या दरम्यान राहतं. सगळ्या चर्चेत जाळीच्या बाजूनं बोलणारा मुख्य मुद्दा हाच.

तुमच्या पहिल्या सर्जननी सांगितलेलं ऑपरेशन हे लिख्टेनस्टाईनचंच. जांघेच्या वळीच्या थोडं वर पाच-सहा सेंटिमीटरचा चिरा घेतात. वरचा चिवट पांढरा पापुद्रा उघडला की अंडाची दोरी दिसते. ती हलक्या हातानं उचलून बाजूला धरतात, हर्नियाची पिशवी सोडवून आत ढकलतात. मग साधारण ७ बाय १५ सेंटिमीटरची जाळी. तिच्या एका टोकाला उभी चीर देऊन दोन शेपट्या करतात आणि त्या दोरीभोवती गुंफतात. खालची कड जांघेतल्या अस्थिबंधाला सलग शिवतात, वर दोन-तीन सैल टाके. जाळी ताणून बसवत नाहीत, मध्ये थोडी ढिली ठेवतात, कारण माणूस उभा राहिला की पोट पुढे येतं आणि शिवाय जाळी पुढे थोडी आक्रसते. सगळ्यात मोलाची जागा म्हणजे आतल्या बाजूचं हाड. त्या हाडावर जाळी दीड-दोन सेंटिमीटर पुढे गेलेली हवी. परत आलेले हर्निया बरेचदा याच कोपऱ्यातून येतात. याच वाटेवर तीन बारीक नसा आहेत. त्या ओळखून सांभाळल्या तर पुढचं दुखणं कमी होतं. हे ऑपरेशन जागेवरच्या भुलीतही होतं, हा त्याचा फार मोठा गुण. ज्यांचं हृदय किंवा फुप्फुस अशक्त आहे, त्यांच्यासाठी तर हाच मार्ग.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात जाळी भिंतीच्या आतल्या बाजूला बसते. धान्यानं भरलेल्या पोत्याला आतून ठिगळ लावलं तर धान्याचा दाबच ते ठिगळ जागेवर दाबून धरतो, बाहेरून लावलं तर तोच दाब त्याला ढकलतो. अण्णांना हे असंच समजावून सांगा, त्यांना लगेच कळेल. यात दोन प्रकार. टेप पद्धतीत पोटाच्या पोकळीत शिरतच नाहीत, स्नायू आणि पोटाचा पडदा यांच्या मध्ये जागा करून काम करतात. टॅप पद्धतीत पोटात शिरून आतून पडदा उघडतात, जाळी ठेवतात आणि पडदा परत शिवतात. दोन्हींत जाळी किमान १० बाय १५ सेंटिमीटरची लागते आणि जांघेतली तिन्ही कच्ची ठिकाणं एकदम झाकते. तीन लहान छिद्रं पुरतात. चालणं-फिरणं लवकर सुरू होतं, जखमेत पू होण्याची भीती कमी, नंतर रेंगाळणारं दुखणंही कमी. पण पूर्ण भूल लागते, सामान महाग, आणि शिकायला अवघड. या दोन प्रकारांतला कोणता, यात तुम्ही पडू नका. निकाल जवळपास सारखे आहेत, सर्जनना ठरवू द्या.

शिकायला अवघड या मुद्द्यावर मी थोडा थांबणार आहे, कारण जाहिरातीत हे कधी येत नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक मोठी चाचणी झाली, २००४ साली तिचे निकाल आले. पहिल्यांदाच झालेल्या हर्नियात, दोन वर्षांनी, चिरा दिलेल्यांपैकी ४ टक्के लोकांचा हर्निया परत आला होता, दुर्बिणीनं केलेल्यांपैकी १०.१ टक्के लोकांचा. पण ज्या सर्जननी २५० च्या वर दुर्बिणीची ऑपरेशनं केली होती, त्यांच्या हातून हे प्रमाण बरंच खाली होतं. पुढे २०१८ मध्ये जगभरातल्या हर्निया सर्जननी एकत्र बसून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनीही टेप शिकायला ५० ते १०० ऑपरेशनं लागतात असं धरलं, आणि पहिली ३० ते ५० सगळ्यात जोखमीची. त्याच सूचनांनी लिख्टेनस्टाईन आणि दुर्बीण या दोन्हींना एका बाजूच्या साध्या हर्नियासाठी मान्यता दिली आहे. म्हणून सर्जनच्या समोर बसाल तेव्हा मोकळेपणानं विचारा: साहेब, तुम्ही स्वतः महिन्याला अशी किती करता? त्यातले किती परत आले? चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही. उलट पेशंटच्या घरचे एवढा विचार करून आलेत याचं त्याला बरं वाटतं.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ: डाव्या बाजूला लहान हर्निया. सोनोग्राफीत दिसलेला प्रत्येक हर्निया खरा त्रास देणारा नसतो. सर्जननी अण्णांना उभं करून, खोकायला लावून, डाव्या जांघेवर बोट ठेवून पाहिलं का? तिथं फुगवटा लागत असेल, तर निर्णय दुर्बिणीकडे झुकतो, कारण त्याच तीन छिद्रांतून दोन्ही बाजूंना जाळी बसते, नाहीतर दोन चिरे लागतात. बोटाला काही लागत नाही, अण्णांना तिथं काही जाणवत नाही आणि फक्त रिपोर्टमध्ये लिहून आलं आहे, तर त्या कागदाच्या एका ओळीसाठी खर्च दुप्पट करायची गरज नाही. उजवं करा, डाव्याकडे लक्ष ठेवा. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिच्यावर तुमचे ३५ हजार अवलंबून आहेत. परत जाऊन करून घ्या. पोटाच्या खालच्या भागात किंवा प्रोस्टेटचं जुनं ऑपरेशन झालं असेल तर तेही सांगा. तिथं आतून जाणं अवघड होतं आणि चिरा सोपा पडतो.

जाळी कोणती हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण दवाखान्यात तो येईल. हलकी घ्यायची की साधी, की परदेशी? पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या साध्या जाळीवर काम भागतं. हलक्या, मोठ्या छिद्रांच्या जाळीनं सुरुवातीच्या काळात थोडं बरं वाटतं, पण लांबच्या पल्ल्यात फायदा दिसलेला नाही. शंकूसारखी गुंडाळी भोकात बसवण्याची पद्धत २०१८ च्या सूचनांनी शिफारशीत घेतली नाही, कारण शरीरात बाहेरचं सामान जास्त जातं आणि खर्च वाढतो. किमतीबद्दल एक गोष्ट आपल्याच राज्यातली आहे आणि ती मला मनापासून अभिमानाची वाटते. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा गावचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीच्या कापडाचे तुकडे निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरले आणि २००३ मध्ये त्याचे निकाल प्रसिद्ध केले. गरिबाला जाळी परवडत नाही म्हणून त्याला ताणलेल्या टाक्यांवर सोडायचं नाही, एवढाच त्यांचा आग्रह होता. पुढे युगांडात अशाच स्वस्त जाळीची बाजारातल्या महाग जाळीशी रीतसर तुलना झाली, २०१६ मध्ये निकाल आले: वर्षभरानंतर परत येण्यात किंवा त्रासात म्हणण्यासारखा फरक नाही. तेव्हा कुणी सांगितलं की अमुक हजारांची जाळी घातली तरच टिकेल, तर तो पैसा वाचवा. तोच पैसा जास्त अनुभवी सर्जनपर्यंत जाण्याच्या भाड्याला लावलेला बरा.

मामांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ मध्ये एक पद्धत मांडली. जांघेवरच्या पांढऱ्या पापुद्र्याचीच एक पट्टी, तिचा रक्तपुरवठा न तोडता, मागच्या कच्च्या भिंतीवर शिवायची. बाहेरचं काहीच शरीरात राहत नाही. काही चाचण्यांत पहिल्या दोन-तीन वर्षांचे निकाल जाळीच्या बरोबरीचे आले आहेत. मात्र जाळीशिवायच्या पद्धतींत सगळ्यात जास्त पुरावा कॅनडातल्या शोल्डाइस पद्धतीचा आहे, आणि एकूण पुरावा जाळीच्या बाजूनं जड आहे. देसरडा पद्धतीत पापुद्रा मजबूत असावा लागतो. तो विरलेला निघाला तर ऑपरेशन चालू असतानाच जाळीवर यावं लागतं. रोज ओझं उचलणाऱ्या ५४ वर्षांच्या माणसाला मी जाळीच सुचवीन. अण्णांनी सगळं समजून घेऊन जाळी नकोच म्हटलं, तर जो सर्जन ही पद्धत नेहमी करतो त्याच्याकडेच जा. चार ऑपरेशनं केलेल्याकडे नको.

मायला सांगा, जाळी सडत नाही. पॉलिप्रॉपिलीन शरीरात वर्षानुवर्षं तशीच राहते आणि काही आठवड्यांत मांस तिच्या छिद्रांतून वाढून तिला धरून ठेवतं. जाळीपर्यंत पू जाणं ही गंभीर गोष्ट आहे, पण साध्या हर्नियात ती शंभरात एखाद्यालाच होते. खरी काळजी करायची ती दुखण्याची. तीन महिन्यांनंतरही थोडंफार दुखत राहणारे शंभरात दहा-बारा असतात. बहुतेकांचं हळूहळू कमी होतं, पण मोजक्या लोकांचं कामावर परिणाम होण्याइतकं राहतं. हे ऑपरेशनच्या आधी माहीत असावं, नंतर कळलं तर माणूस घाबरतो. आणखी एक: ऑपरेशननंतर जांघेत पाणी साठून गाठ येऊ शकते, अंडाला सूज येते, कातडी काळीनिळी पडते. हर्निया परत आला असं समजून धावाधाव करू नका. हे सहसा काही आठवड्यांत ओसरतं. ताप आला, जखमेतून पू आला किंवा गाठ लाल-गरम झाली, तर मात्र लगेच दाखवा.

पैशाचं. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात, संभाजीनगरच्या घाटीत किंवा नांदेडच्या शंकरराव चव्हाण महाविद्यालयात हर्नियाची ऑपरेशनं हे रोजचं काम आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, तिथल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन त्या ठिकाणी कसं बसतं ते विचारून घ्या. जाळीचे पैसे वेगळे द्यावे लागतील का, हाही प्रश्न तिथंच विचारा. सरकारी दवाखान्यात दोन-तीन खेपा पडतील हे खरं आहे. पण अडतीची उचल फेडायला अण्णांना ऑपरेशननंतर पंधरा दिवसांतच पोतं पाठीवर घ्यावं लागणार असेल, तर त्या ७० हजारांनी विकत घेतलेला सगळा फायदा वाया जातो.

आता दिवाळीपर्यंत थांबण्याचं. ज्यांना हर्नियाचा जवळजवळ त्रासच नाही, अशा पुरुषांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. थांबलेल्यांपैकी अचानक आतडं अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनपेक्षा कमी निघालं. म्हणजे थांबणं म्हणजे मरण असं कुणी घाबरवलं तर घाबरू नका. पण त्यातल्याच थांबलेल्यांपैकी दहा वर्षांत दोन-तृतीयांश लोक शेवटी ऑपरेशनला आलेच, बहुतेक दुखण्यामुळे. अण्णांना तर आत्ताच ठणका लागतो आणि काम ओझ्याचं आहे. लंगोट कसल्यानं हर्निया बरा होत नाही, फक्त तात्पुरता आधार मिळतो. गाठ बाहेर असताना वरून कसून बांधला तर इजाही होते. आणि हे घरात सगळ्यांना पाठ असू द्या: गाठ अचानक कडक झाली, आडवं होऊनही आत जाईना, जोरात दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या किंवा शौच-वारा बंद झाला, तर रात्र असो की पहाट, सरळ मोठ्या रुग्णालयात. गाठ चोळून आत ढकलत बसू नका.

ऑपरेशनच्या आधी अण्णांच्या तीन सवयी विचारा: बिडी-तंबाखू, जुना खोकला, आणि लघवीला जोर लावावा लागतो का. या वयात प्रोस्टेट वाढलेलं असू शकतं. खोकला आणि जोर तसाच राहिला तर कोणत्याही जाळीवर रोज घाव बसतो. बिडी किमान महिनाभर आधी सुटली पाहिजे. साखर तपासून घ्या.

हे लिहिताना मायचाही विचार आला. आपल्याकडच्या बाया डोक्यावर मोळी, हंडा वाहतात आणि जांघेतली गाठ कुणाला दाखवत नाहीत, लाजेनं वर्षं काढतात. बायकांमध्ये हर्निया कमी होतो, पण झाला तर तो मांडीच्या वाटेनं उतरणारा असण्याची शक्यता पुरुषांपेक्षा जास्त, आणि त्यात आतडं अडकण्याचा धोका पुष्कळ असतो. त्यांनी थांबायचं नसतं. त्यांच्यासाठी दुर्बीण हा पहिला पर्याय मानतात, कारण आतून ती वाटही झाकली जाते. घरात किंवा शेजारी कुणाला अशी गाठ असेल तर तिला बाई डॉक्टरकडे का होईना, पण घेऊन जा.

शेवटी कामावर कधी. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. चालणं, जिना, हलकी कामं पहिल्या आठवड्यातच, झेपेल तशी. नव्या सूचना तर म्हणतात, दुखत नसेल तर फार बंधनं घालू नका. पण त्या सूचना लिहिताना पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा माणूस कुणाच्या डोळ्यांपुढे असेल असं मला वाटत नाही. अण्णांनी पूर्ण ओझ्याला सहा आठवडे द्यावेत, आणि सुरुवात मापाड्याच्या हाताखाली किंवा गोण्या शिवायच्या कामानं करावी. सोयाबीनची मोठी आवक दसऱ्याच्या आसपास सुरू होते. या पंधरवड्यात तपासणी आणि जुलैत ऑपरेशन झालं, तर पहिलं पोतं येईपर्यंत ते मोंढ्यात उभे असतील. मुकादमाशी आत्ताच बोलून ठेवा, म्हणजे त्यांच्या टोळीतली जागा कुणी घेणार नाही.